व्याहीबुवांची बोटं आणि अरुंद मानेची गिटार

पाच वर्षं मी ही गोष्ट सांगायची टाळली. कुणी विषय काढला की मी चहा मागायचो, आणि चहा पुढ्यातच असला तर बिस्किट मागायचो. आमच्या दोन्ही घरांत ती अशी सांगितली जाते: नातीच्या चौथ्या वाढदिवसाला दोन्ही आजोबा मिळून गिटार वाजवणार होते, पण खरवईच्या आजोबांची बोटं जाड, त्यांना जमलं नाही, म्हणून कात्रपच्या आजोबांनी एकट्याने वाजवली. कात्रपचा आजोबा म्हणजे मी. यातला वाढदिवस खरा, गिटार खरी, मी एकट्याने वाजवली हेही खरं. बोटांचं तेवढं खोटं आहे, आणि ते माझं आहे.

अडचण अशी की लिहायला बसलो तर पश्चात्तापाच्या आधी हसूच येतंय. ज्या माणसाचा मी अपराध केला, त्याच्यासोबत त्या दोन महिन्यांत जेवढा हसलो तेवढा त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात हसलो नव्हतो. तेव्हा हसत हसतच सांगतो.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, व्हर्नियर कॅलिपरने त्याची जाडी-रुंदी मोजायची, माप बसलं तर पास, नाही बसलं तर त्यावर लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूला टाकायचा. चौतीस वर्षं हेच केलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली आणि मी माझा जुना व्हर्नियर मागून घेतला. बायको म्हणते की लग्नानंतर मी तिच्या पोळ्यांचीसुद्धा जाडी मोजली होती. एकदाच मोजली होती.

माझे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, बदलापूरच्या खरवईचे. घराणं जुनं, शेतीवाडीचं. आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या तरी त्यांनी दीड एकर राखून ठेवलंय आणि त्यात अजून भात, वाल, भाजी करतात. माणूस दरवाजाएवढा. हसला की ओट्यावरची कोंबडी उडते. मुलाच्या लग्नात हळदीला त्यांनी मला उचलून नाचवलं होतं, अक्षरशः उचलून, आणि माझा चष्मा कुणाच्या तरी खिशात सापडला होता.

खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा. नात दोघांच्या समोर आली की धावत त्यांच्याकडे जायची. मी तिला पाढे शिकवायचो, ते तिला खांद्यावर बसवून वासरू दाखवायला न्यायचे. कोण जिंकणार हे उघड होतं.

अशात एका रविवारी चिखलोलीला, मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये, नात मोबाइलवर कुणाची तरी गिटार बघत होती. एकदम म्हणाली, "माझ्या बर्थडेला माझे दोन्ही आबा असं वाजवणार."

मी म्हणालो, "हो."

व्याहीबुवा म्हणाले, "हो."

दोघांनी एकाच वेळी. मग एकमेकांकडे पाहिलं. माघार कोण घेणार? सूनबाई सोफ्यावर आडवी पडून हसत होती. "बाबा, तुम्हाला ढोलकी तरी येते का?" असं तिने स्वतःच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "ढोलकीला दोन तोंडां, हिला एकच. म्हंजे सोपीच."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघे उल्हासनगरला गेलो. बाजारातल्या एका गल्लीत वाद्यांचं दुकान होतं, दुकानदार सिंधी, साठीचा, तोंडात बडीशेप. व्याहीबुवांना दुकानात शिरण्याआधी समोर दाल-पकवानची गाडी दिसली. "तुमी बघून ठेवा, मी यो एक प्लेट खाऊन आलो," म्हणून ते गेले. ती एक प्लेट नव्हती, तीन होत्या. त्या तीन प्लेटींच्या वेळात माझा गुन्हा घडला.

मी दुकानदाराला दोन गिटारी मागितल्या. त्याने काचेतून रस्त्यापलीकडे बघितलं. व्याहीबुवा एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हाताने गाडीवाल्याला काहीतरी समजावत होते.

"वो साईं बजाएंगे?"

"हो, वो और मैं."

"उनका हाथ देखो, काकाजी. उनको चौड़ी गर्दनवाली दो. नायलॉन तारवाली." त्याने भिंतीवरची एक गिटार काढली. तिची मान, म्हणजे ज्यावर डाव्या हाताने तारा दाबतात तो लांब दांडा, चांगली रुंद होती. "इसमें तार दूर-दूर हैं. मोटी उंगली आराम से बैठेगी. आपका हाथ छोटा है, आपको पतली चलेगी."

माणूस दोन मिनिटांत दोघांचे हात नुसत्या नजरेने मोजून मोकळा झाला, आणि चौतीस वर्षं मोजमाप केलेल्या मला ते आवडलं नाही. शिवाय मला जोडी हवी होती. एकाच रंगाची, एकाच मापाची, फोटोत शोभणारी. मी म्हणालो, "दोनो सेम दो." त्याने खांदे उडवले आणि दोन्ही बारीक मानेच्या बांधून दिल्या. व्याहीबुवा तोंड पुसत आले तेव्हा पावती फाडून झाली होती. दुकानदार काय म्हणाला ते त्यांनी ऐकलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

शिक्षक मीच. मोबाइलवर व्हिडिओ बघून आठवडाभर मी शिकायचो आणि रविवारी खरवईला जाऊन त्यांना शिकवायचो. वाढदिवसाला सगळेच म्हणतात ते गाणं वाजवायला तीन कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं बसवायच्या तीन रचना, पुरतात. त्यातली एक कॉर्ड म्हणजे निव्वळ छळ. मानेवर धातूचे आडवे दांडे असतात, दोन दांड्यांमधल्या जागेला मी घर म्हणायचो. या कॉर्डमध्ये एकाच घरात, शेजारशेजारच्या तीन तारांवर, तीन बोटं दाटीने बसवायची.

व्याहीबुवांनी पहिलं बोट ठेवलं. घर भरलं.

"आता दुसरं," मी म्हणालो.

"कुठं ठेवू? या घरात आता पावना घ्याला जागा नाय."

"ढकला थोडं."

"याही," व्याह्याला ते अशीच हाक मारतात, "यो वन रूम किचन हाय. तुमी मना तीन जावई झोपवाला सांगता."

विहीणबाई आतून ओरडल्या, "एक जावई सोफ्यावर झोपवा!" आणि आम्ही तिघे इतके हसलो की गिटार ओट्यावरून घरंगळली आणि गोठ्याच्या पायरीवर जाऊन थांबली. गाईने तिला एकदा हुंगलं. व्याहीबुवा म्हणाले, "बघा, तिलापन जमतंय बहुतेक."

दर रविवारी हेच. माझी कॉर्ड वाजायची झण्ण, त्यांची वाजायची थड्. एक बोट तारेवर बसलं की त्याची कड शेजारच्या तारेला लागायची आणि ती तार मुकी व्हायची. जेवढा जोर लावावा तेवढं बोट अधिक पसरायचं. ते घामाघूम व्हायचे. पण सोडत नव्हते. सकाळी शेतावर जाण्याआधी अर्धा तास, दुपारी जेवल्यावर अर्धा तास. विहीणबाईंनी माझ्या बायकोला फोनवर सांगितलं, "झोपेतपन बोटां हलवतात हो. काल माझ्या दंडावर गाणं वाजवलं." बायकोने मला ते सांगितलं आणि आम्ही दोघे म्हातारे पोट धरून हसलो.

कितव्या तरी रविवारी मला दुकानदाराचं बोलणं आठवलं. खरं म्हणजे मी ते विसरलोच नव्हतो. उल्हासनगर काही परदेशात नाही, गिटार बदलून आणायला एक दुपार पुरली असती. पण तोवर एक गोष्ट झाली होती. नात माझ्या मांडीवर बसून म्हणाली होती, "कात्रपचे आबा, तुमचीच छान वाजते." पहिल्यांदा मी जिंकत होतो. मी गप्प बसलो.

वाढदिवसाला आठ दिवस उरले. सगळे खरवईला जमलेले, मुलगा, सूनबाई, नात, बायको, विहीणबाई. व्याहीबुवांची थड् थड् चालू. आमच्याकडे व्याह्यांनी एकमेकांची थट्टा करायची, वाटेल ते बोलायचं आणि कुणी राग मानायचा नाही, अशी रीत आहे. त्या रितीच्या आड उभा राहून मी खिशातून व्हर्नियर काढला.

"आता शास्त्रोक्त तपासणी होणार. हात पुढे."

त्यांनी हात पुढे केला. मी तर्जनीचं टोक मोजलं आणि गावकीच्या सभेत वाचावं तशा आवाजात वाचलं, "एकोणीस मिलिमीटर!" मग दोन तारांमधलं अंतर मोजलं. "सव्वासात मिलिमीटर!" मुलाने शिट्टी वाजवली. मी नातीचा लाल स्केचपेन घेतला आणि व्याहीबुवांच्या बोटावर लाल ठिपका दिला.

"हात रिजेक्ट!"

ओटा दणाणला. ते स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसले, कोंबडी उडाली. तिथेच थांबलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण हशा अंगात भिनला की माणसाला ब्रेक राहत नाही. मी म्हणालो, "व्याहीबुवा, हे हात नांगराचे. गिटारला ऑफिसातली बोटं लागतात."

तेव्हाही ते हसले. पण या वेळी हात मिटून, ठिपका आत घेऊन. मग गिटार उचलून आत नेली आणि पडवीतल्या खुंटीला अडकवली, इरल्याच्या शेजारी.

कारखान्यात नवीन माणूस आला की मी त्याला पहिला धडा हा द्यायचो: माप बसलं नाही तर आधी हातातलं हत्यार तपास, ज्या साच्यात बसवतोयस तो साचा तपास, आणि मगच वस्तूला लाल ठिपका दे. हजार वेळा सांगितलं असेल. त्या दिवशी साचा चुकीचा आहे हे मला माहीत होतं आणि मी ठिपका माणसाला दिला.

वाढदिवसाला मी एकट्याने वाजवलं. टाळ्या झाल्या. व्याहीबुवांनी तर उभं राहून वाजवल्या. नात केक हातात घेऊन त्यांच्याजवळ गेली. "खरवईचे आबा, तुम्ही का नाही वाजवलं?"

"मना नाय जमत गो बाय. माझी बोटां जाडी."

तिने त्यांचा हात हातात घेतला, एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं, जसं काही त्यात खरंच काही बिघाड सापडणार होता.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी माझी एक तार तुटली म्हणून मी त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं, आणि मला ओळखण्याआधी व्याहीबुवांची आठवण काढली. "वो पकवानवाले साईं कैसे हैं? चौड़ी गर्दन ली कि नहीं?"

मी तारेचं पाकीट उगाच उलटंसुलटं केलं. मग म्हणालो, "जरा दाखवा तर ती."

त्याने तीच भिंतीवरची गिटार माझ्या हातात दिली. मी सराईतासारखा कॉर्ड धरायला गेलो आणि माझी फजिती सुरू झाली. अंगठा मानेच्या मागे, आणि बोटं पुढे तारांपर्यंत पोचेनात. करंगळी तर हवेत लटकली, बसमध्ये वरच्या दांड्याला हात न पुरणाऱ्या माणसासारखी. मनगट मुरडलं, खांदा वर गेला, मान वाकडी झाली, माझी. आवाज आला थड्. तो आवाज मी ओळखत होतो.

दुकानदार म्हणाला, "देखा? आपका हाथ इसमें रिजेक्ट."

रिजेक्ट हा शब्द त्याला कुणी सांगितला होता? कुणी नाही, त्याचा आपला रोजचा शब्द. पण मी त्या दुकानात असा काही हसायला लागलो की त्याने मला स्टूल दिलं आणि पाणी मागवलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना, तेव्हा तो जरा घाबरला. मी ती गिटार बांधून घेतली आणि रिक्षाने थेट खरवई गाठली. वाटेत अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत माफीचं एकच वाक्य घोकत होतो. रिक्षावाल्याला वाटलं मी फोनवर बोलतोय.

व्याहीबुवा वालाच्या शेंगा निवडत होते. मी गिटार पुढे केली. "ही जरा धरून बघा."

"कशाला, याही? हात रिजेक्ट हाय माझा."

"बघा तर."

त्यांनी मांडीवर घेतली. पहिलं बोट ठेवलं. दुसरं ठेवलं. तिसरं ठेवलं. तिन्ही एका घरात, शेजारच्या तारेला न लागता, पाय पसरून बसलेल्या पाहुण्यांसारखी. उजवा हात फिरवला.

झण्ण.

ते थांबले. गिटारीकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं, पुन्हा हात फिरवला. झण्ण. मग ओरडले, "अगो ये बाहेर! वाजली! वाजली!" विहीणबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. चार महिने खुंटीला टांगलेलं ते गाणं त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं, एकदा, दोनदा, पाच वेळा. शेजारचे जमले. कुणी टोपल्यावर ठेका धरला. बघता बघता ओट्यावर हळदीसारखा नाच सुरू झाला, कुणाचा वाढदिवस नसताना वाढदिवसाच्या गाण्यावर. मीपण नाचलो, गुडघा दुखत असताना.

दम खाताना मी म्हणालो, "व्याहीबुवा, मला एक सांगायचंय."

आणि त्यांनी मला उचललं. "तुमी काय सांगताय, मी सांगतो! या मानसानं माझ्या हातासाठी आख्खा उल्हासनगर पालथा घातला! कोन करतो एवढा? सख्खा भाऊ नाय करत!" मी हवेत. हवेतून माफी कशी मागायची? खाली ठेवलं तेव्हा विहीणबाई नारळ आणि नवाकोरा टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझा सत्कार केला. माफी मागायला गेलेला मी नारळ, टॉवेल आणि पाच किलो वालाच्या शेंगा घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, "कसला हो सत्कार?" मी चहा मागितला.

पुढच्या वाढदिवसाला आम्ही दोघांनी मिळून वाजवलं. माझी बारीक मानेची, त्यांची रुंद. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा गोल आणि मऊ येतो, हे मला मोजमापाशिवाय कबूल आहे. पण वाजवण्याआधी ते उभे राहिले आणि लोकांना हात दाखवून म्हणाले, "नांगराचा हात हाय, सांभालून घ्या." लोक हसले. तेव्हापासून ते कुठेही वाजवतात, साखरपुड्यात, गणपतीत, हळदीला, आधी हे वाक्य म्हणतात. माझं वाक्य. त्यांनी ते स्वतःचं करून टाकलंय. हात उत्तम वाजवतो आणि तोंड त्याच हाताबद्दल आधीच माफी मागतं. मला ते वाक्य त्यांच्या तोंडून परत घ्यायचंय. बाकी काही नको.

गेली दीड वर्षं त्यांना ऐकू येत नाही. म्हणजे अगदी कानाशी ओरडलं तर येतं. यंत्र घेतलंय, पण गिटार वाजवताना ते शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवतात, आणि गिटार ते दिवसभर वाजवतात. तारेचा कंप बोटात आणि छातीत कळतो म्हणतात. मी एकदा ओट्यावर दोघेच असताना नेहमीच्या आवाजात सगळं सांगितलं, दुकानदारापासून लाल ठिपक्यापर्यंत. ते माझ्याकडे बघून प्रेमाने हसले आणि पुढची कॉर्ड धरली. त्यांना एक शब्द ऐकू गेला नव्हता. ओरडून सांगायचं तर सगळी गल्ली ऐकेल, आणि तेवढं धाडस मला त्र्याहत्तराव्या वर्षीही होत नाही.

शेवटी मी चिठ्ठी लिहून नेली. त्यांनी हातात घेतली, चष्मा चाचपला, सापडला नाही, आणि हाक मारली, "अगो, याहींनी काय लिवलंय ते मोठ्यानं वाच!" मी इतक्या चपळाईने ती हिसकावली की तसा चपळ मी शाळेत खो-खो खेळतानाही नव्हतो. म्हणालो, "काही नाही, किराणा मालाची यादी आहे." विहीणबाई म्हणाल्या, "द्या मग, मी आनते." पुन्हा हशा. मीपण हसलो.

ती चिठ्ठी माझ्या व्हर्नियरच्या डबीत आहे. घडीवर घडी पडून कागद फाटायला आलाय. तीत एवढंच लिहिलंय:

"व्याहीबुवा, तुमच्या हातात कधीच काही चूक नव्हती. मी तुम्हाला अरुंद मानेची गिटार दिली, ती तुम्हाला चालणार नाही हे मला त्याच दिवशी दुकानदाराने सांगितलं होतं, आणि मी पुढे राहावं म्हणून गप्प बसलो. नातीचा तो वाढदिवस मी तुमच्याकडून काढून घेतला. तो लाल ठिपका माझ्या बोटावर हवा होता. यापुढे लोकांसमोर वाजवाल तेव्हा ते नांगराचं वाक्य म्हणू नका. सरळ वाजवायला सुरुवात करा. मला माफ करा."